पदवीची हुंडी कुठे सकारली जाते?
युरोपातील डॉक्टरांचे स्थलांतर आणि खानदेशातील घरांपुढील निर्णय

जळगाव शहराच्या जवळ असलेले असोदा हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली येथे झाला, आणि येथील भरिताच्या वांग्यांना हिवाळ्यात दूरदूरहून मागणी असते. गेल्या काही वर्षांत असोदा, भादली, नशिराबाद या परिसरात, आणि जळगाव-भुसावळच्या बाजारपेठांतही, आणखी एका विषयाची चर्चा ऐकू येते. बारावी आणि ‘नीट’ यांचे निकाल लागले की शेतकरी, किराणा दुकानदार, सराफ, डाळमिलचे मालक अशा सर्व थरांतील घरांत जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तान, रोमानिया, पोलंड ही नावे उच्चारली जाऊ लागतात. सरकारी महाविद्यालयात जागा थोड्या गुणांनी हुकलेली असते, खासगी महाविद्यालयाचे शुल्क आवाक्याबाहेरचे असते, आणि मुलाची किंवा मुलीची डॉक्टर होण्याची इच्छा मात्र पक्की असते. अशा वेळी परदेशी प्रवेश मिळवून देणारा मध्यस्थ घरी येऊन सांगतो, ‘ही युरोपची पदवी आहे, सगळ्या युरोपात चालते.’

या एका वाक्यावर अनेक घरांतून शेत गहाण पडते किंवा दुकानाचे भांडवल काढले जाते. म्हणून या वाक्यात खरे किती आणि अर्धवट किती, हे नीट तपासून पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी प्रथम युरोपातील डॉक्टर एका देशातून दुसऱ्या देशात कसे जातात, हे समजून घ्यावे लागते.

हुंडीचा न्याय

व्यापारी घराण्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्यासाठी हुंडीइतके चांगले उदाहरण नाही. मारवाडातून किंवा गुजरातेतून खानदेशात आलेल्या पेढ्यांनी कापूस, धान्य आणि सोन्याचा व्यवहार दीर्घकाळ हुंडीवर केला. हुंडी हा केवळ कागद असतो. ती लिहिणाऱ्याची पत आणि ती सकारणाऱ्याचा विश्वास, या दोहोंवर तिचे मोल ठरते. हुंडीचे प्रकारही ठरलेले होते. दाखवताक्षणी रक्कम मिळते ती दर्शनी हुंडी, मुदत भरल्यावर मिळते ती मुदती हुंडी. नाव लिहिलेल्या इसमालाच रक्कम मिळते ती नामजोग हुंडी, आणि बाजारात पत असलेल्या कोणाही शहाला मिळते ती शाहजोग हुंडी.

वैद्यकीय पदवी हीसुद्धा एक प्रकारची हुंडीच आहे. एका विद्यापीठाने लिहून दिलेले असते की या व्यक्तीच्या हाती रुग्णाचा जीव सोपवण्यास हरकत नाही. ती परक्या देशात सकारली जाईल की नाही, ताबडतोब की मुदतीने, आणि कोणाच्या हातात असताना सकारली जाईल, हे त्या देशाची वैद्यकीय परिषद ठरवते. विद्यापीठाच्या इमारतीचे छायाचित्र किंवा मध्यस्थाचे माहितीपत्रक ते ठरवत नाही.

युरोपची दर्शनी हुंडी

पश्चिम युरोपातील देशांनी आपसांतील बाजारपेठ एक करायला घेतली तेव्हा मालाबरोबर माणसांनाही मोकळीक देण्याचे ठरले. डॉक्टरांच्या बाबतीत हे प्रत्यक्षात आले ते १९७५ साली. त्या वर्षीच्या निर्देशांनुसार सदस्य देशांनी एकमेकांच्या वैद्यकीय पदव्या मान्य करण्याचे बंधन स्वीकारले. पुढे २००५ मध्ये अनेक व्यवसायांचे नियम एकत्र करून नवा निर्देश निघाला आणि २०१३ मध्ये त्यात सुधारणा झाली. मूळ वैद्यकीय शिक्षण किमान पाच वर्षांचे आणि ५,५०० तासांचे असावे, ही त्यातील किमान अट आहे. ती पुरी करणारी पदवी दुसऱ्या सदस्य देशात पुन्हा परीक्षा न देता मान्य होते. स्वित्झर्लंड हा संघाचा सदस्य नाही, पण स्वतंत्र करारामुळे तोही या व्यवस्थेत सामील आहे.

२००४ मध्ये पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक यांच्यासह दहा देश संघात आले, २००७ मध्ये रोमानिया आणि बल्गेरिया, तर २०१३ मध्ये क्रोएशिया आला. या विस्ताराने चित्र पालटले. आतापर्यंत साधारण सारख्या उत्पन्नाच्या देशांत चालणारी देवाणघेवाण आता कमी पगाराच्या आणि जास्त पगाराच्या देशांत सुरू झाली. बुखारेस्टमध्ये शिकलेला तरुण डॉक्टर फ्रान्सच्या ग्रामीण भागात किंवा जर्मनीच्या रुग्णालयात जाऊ लागला. जर्मनीतील डॉक्टर अधिक पगारासाठी आणि कामाच्या बऱ्या वेळांसाठी स्वित्झर्लंडला जाऊ लागले. आज स्वित्झर्लंडमधील सुमारे ४० टक्के डॉक्टरांची पदवी परदेशी आहे आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा जर्मनीचा आहे. जर्मनीतील रिकाम्या जागा पूर्वेकडील देशांतून आणि सीरियासारख्या युरोपाबाहेरील देशांतून आलेल्या डॉक्टरांनी भरल्या. पाणी जसे वरच्या शेतातून खालच्या शेतात उतरते, तसे डॉक्टर एका देशातून पुढच्या देशात सरकत राहिले. सर्वांत कमी पगाराच्या टोकाला असलेल्या देशांत मात्र जागा रिकाम्याच राहिल्या.

खर्च कुणाच्या नावे, जमा कुणाकडे

हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर येथे एक विचित्र खतावणी दिसते. रोमानियातील सरकारी विद्यापीठात सहा वर्षे शिकवण्याचा खर्च तेथील करदात्याच्या नावे पडतो. डॉक्टरच्या उमेदीची तीस-पस्तीस वर्षे मात्र दुसऱ्याच देशाच्या खाती जमा होतात. घरी पाठवलेल्या पैशांतून काही भरपाई होते, हे खरे. पण तो पैसा कुटुंबाला मिळतो, गावच्या रिकाम्या दवाखान्याला नाही.

हे थांबवण्यासाठी देशांनी वेगवेगळे उपाय केले. रोमानियाने २०१८ मध्ये सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांच्या पगारांत एकदम मोठी वाढ केली. ऑस्ट्रियाचा प्रश्न वेगळा होता. शेजारच्या जर्मनीत वैद्यकीय प्रवेशासाठी शालान्त परीक्षेचे गुण फार उच्च लागतात. तेथे प्रवेश न मिळालेले जर्मन विद्यार्थी भाषा एकच असल्यामुळे ऑस्ट्रियात शिकायला येऊ लागले आणि शिकून परत जाऊ लागले. तेव्हा २००६ पासून ऑस्ट्रियाने वैद्यकीय जागांपैकी ७५ टक्के जागा ऑस्ट्रियात शालान्त शिक्षण झालेल्यांसाठी, २० टक्के संघातील इतर देशांसाठी आणि ५ टक्के उरलेल्या जगासाठी राखल्या. मुक्त संचाराचा पुरस्कार करणाऱ्या युरोपीय आयोगानेही बऱ्याच वादानंतर वैद्यकशास्त्रापुरती ही व्यवस्था मान्य केली, कारण तसे केले नाही तर देशात पुरेसे डॉक्टर उरणार नाहीत, हे ऑस्ट्रियाने दाखवून दिले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी एक आचारसंहिता स्वीकारली. ज्या देशांत डॉक्टर आणि परिचारिकांची तीव्र टंचाई आहे, तेथून श्रीमंत देशांनी ठरवून भरती करू नये, आणि प्रत्येक देशाने आपल्या गरजेपुरते मनुष्यबळ स्वतः तयार करावे, असे ती सांगते. ही संहिता ऐच्छिक आहे. तिचा भंग केला म्हणून कोणाला दंड होत नाही. तरीही, ज्याने शिकवले त्याचे काही देणे लागते, ही गोष्ट जगाने लेखी मान्य केली, हे तिचे महत्त्व आहे.

सकारताना झालेली चूक

विश्वासाच्या व्यवहारात तपासणी ढिली पडली की नुकसान होते. २००८ साली इंग्लंडमध्ये एक दुर्दैवी घटना घडली. जर्मनीत व्यवसाय करणारा एक डॉक्टर सुट्टीच्या वेळेतील सेवेसाठी इंग्लंडमध्ये आला आणि पहिल्याच पाळीत त्याने एका वृद्ध रुग्णाला वेदनाशामक औषधाची दसपट मात्रा दिली. रुग्ण दगावला. हे औषध जर्मनीतील नेहमीच्या वापरात नव्हते. चौकशीत पुढे आले की एका विभागाने इंग्रजी अपुरे म्हणून त्याला नाकारले होते, तर दुसऱ्या विभागाने त्याच माणसाचे नाव आपल्या यादीत घातले होते. पदवी संघाच्या नियमाने आपोआप मान्य असल्यामुळे ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेला भाषेची परीक्षा घेण्याचा अधिकारच नव्हता. तो अधिकार तिला २०१४ मध्ये मिळाला. पुढे २०१६ पासून युरोपात अशीही व्यवस्था झाली की एका देशाने व्यवसायास बंदी घातलेल्या डॉक्टरची सूचना सर्व सदस्य देशांना पोचावी.

या घटनेतून निघणारा बोध सरळ आहे. शरीरशास्त्र सर्वत्र एकच असले तरी औषधांच्या सवयी, रुग्णाची भाषा आणि रुग्णालयाची रीत देशागणिक बदलते. खानदेशातील रुग्ण ‘पोटात गोळा उठतो’ किंवा ‘जीव घाबरा होतो’ असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ग्रंथातून समजत नाही. म्हणूनच आज जर्मनीत काम करू इच्छिणाऱ्या भारतीय डॉक्टरला सर्वसाधारण जर्मन भाषेची बी-दोन पातळी आणि त्यावर वैद्यकीय संभाषणाची वेगळी, वरच्या पातळीची परीक्षा द्यावी लागते, आणि बहुतेकांना वैद्यकीय ज्ञानाचीही परीक्षा द्यावी लागते.

मराठी माणसांची जुनी वाट

युरोपातील एका देशाची दारे बंद असताना दुसऱ्या देशात जाऊन पदवी मिळवण्याची वाट मराठी माणसाला नवी नाही. मुंबईच्या डॉ. रखमाबाई बालविवाहाच्या खटल्यामुळे देशभर गाजल्या. त्या १८८९ साली इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या. शिक्षण लंडनमध्ये झाले, परवान्यासाठीची परीक्षा मात्र स्कॉटलंडमध्ये एडिनबरो आणि ग्लासगो येथील संस्थांची, आणि एम. डी. ही पदवी बेल्जियमच्या ब्रुसेल्सची, असा त्यांचा प्रवास १८९४ मध्ये पुरा झाला. त्या काळी स्त्रियांना वरची वैद्यकीय पदवी मिळणे इंग्लंडमध्ये अवघड होते आणि अनेक इंग्रज स्त्रियांनीही हाच मार्ग धरला होता. इंग्लंडच्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी एम. डी. मिळवली ती १८७० साली पॅरिसहून.

रखमाबाईंची हुंडी तीन ठिकाणी लिहिली गेली, पण तिचे मोल मिळाले ते तापीच्या काठी. भारतात परतल्यावर त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात दीर्घकाळ आणि त्यानंतर राजकोटला सेवा केली. खानदेशातून वाहत जाणारी तापी ज्या शहरापाशी समुद्राला मिळते, तेथील हजारो स्त्रियांना त्यांच्या शिक्षणाचा लाभ झाला. त्यांच्याआधी १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची जागा मिळाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाल्याने ती सेवा घडू शकली नाही.

उलट दिशेने आलेला एक प्रवासीही येथे आठवतो. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे झाला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. ज्यू असल्यामुळे त्यांना तेथे अध्यापनाची वाट बंद होती. ते १८८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या जिनिव्हाला आणि पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १८९३ मध्ये ते पटकीची लस घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ते जीवाणुशास्त्रज्ञ होते, त्यांच्याकडे डॉक्टरची पदवी नव्हती. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित लसीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा दोष त्यांच्यावर आला आणि ते निर्दोष असल्याचे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ओडेसाने ज्याला नाकारले, त्याचा लाभ मुंबईला झाला.

भारतीय पदवी दोनदा नाकारली गेली

भारतीय पदव्यांचा ब्रिटनशी असलेला व्यवहारही चढउताराचा आहे. १९३० मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने भारतीय विद्यापीठांच्या पदव्या मान्य करणे थांबवले. शिक्षणाच्या दर्जाविषयीचा, विशेषतः प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणाविषयीचा, वाद त्यामागे होता. त्यातूनच १९३३ चा कायदा झाला आणि भारताची स्वतःची वैद्यकीय परिषद अस्तित्वात आली. पुढे मान्यता पुन्हा मिळाली. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिला डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा भारतीय उपखंडातील डॉक्टरांनी तिच्या जागा मोठ्या प्रमाणावर भरल्या. कोळशाच्या खाणींची गावे, औद्योगिक शहरांतील गरीब वस्त्या, वृद्धांची सेवा अशी जी कामे स्थानिक डॉक्टरांना नकोशी होती, ती पुष्कळदा त्यांच्या वाट्याला आली.

१९७५ साली भारतीय पदव्यांची आपोआप होणारी मान्यता ब्रिटनने पुन्हा काढून घेतली आणि परीक्षा लागू केली. ती आज ‘प्लॅब’ या नावाने ओळखली जाते. नेमक्या त्याच वर्षी युरोपीय देशांनी एकमेकांच्या पदव्या विनापरीक्षा मान्य केल्या होत्या. २०२० च्या प्रारंभी ब्रिटन संघातून बाहेर पडला. कोणत्या देशाची पदवी कोठे चालते, हे आज आहे तसेच सहा वर्षांनी राहील असे गृहीत धरता येत नाही, एवढे या इतिहासावरून निश्चित दिसते.

युक्रेनहून परतलेले विद्यार्थी

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा तेथे सुमारे अठरा हजार भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे होते. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून ते पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया या देशांच्या सीमा ओलांडून परत आले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही मोठ्या संख्येने होती. जीव वाचला, पण शिक्षण अर्धे राहिले.

येथे दोन नियमांतील अंतर ठळकपणे दिसले. युक्रेनच्या डॉक्टरांना पोलंडसारख्या देशांनी सुलभ नियम करून कामावर घेतले. भारतीय विद्यार्थ्यांसमोर मात्र मायदेशाचा नियम उभा राहिला. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानुसार परदेशी शिक्षण प्रारंभापासून अखेरपर्यंत एकाच संस्थेत व्हावे लागते. मधूनच दुसऱ्या देशातील महाविद्यालयात गेल्यास पदवी धोक्यात येते. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने युक्रेनच्या विद्यार्थ्यांपुरता अपवाद केला. पदवी मूळ युक्रेनच्या विद्यापीठाचीच राहील, या अटीवर त्यांना इतर देशांत शिकण्याची मुभा मिळाली. अनेकांनी त्या मार्गाने शिक्षण पुरे केले. या काळात घरांनी जो अतिरिक्त खर्च आणि जी चिंता सोसली, तिची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात आढळणार नाही.

‘सगळ्या युरोपात चालते’ याचा अर्थ

आता मूळ वाक्याकडे वळता येईल. युरोपीय संघाची दर्शनी हुंडी ही बहुतांशी नामजोग आहे. ती संघातील देशांच्या नागरिकांच्या नावे लिहिलेली आहे. रोमानियाच्या विद्यापीठातून पदवी घेतलेला रोमानियन तरुण जर्मनीत आपोआप मान्य होतो. त्याच वर्गात शेजारच्या बाकावर बसलेल्या जळगावच्या विद्यार्थ्याला तोच हक्क आपोआप मिळत नाही. दीर्घकालीन निवासाचा दर्जा किंवा तत्सम काही हक्क मिळवलेल्यांना त्याचा लाभ होऊ शकतो, पण तो पदवीबरोबर हातात पडत नाही. भारतात शिकून जर्मनीसारख्या एका देशात नोंदणी झालेल्या डॉक्टरची पदवी संघातील दुसऱ्या देशात या नियमाखाली विचारात घेतली जाते ती पहिल्या देशात तीन वर्षे व्यवसाय केल्यानंतर, आणि तो निर्देशही मुळात संघाच्या नागरिकांसाठी आहे. म्हणजे ती हुंडी मुदतीही आहे.

दुसरी गोष्ट भूगोलाची. जॉर्जिया, रशिया आणि युक्रेन हे युरोपीय संघाचे सदस्य नाहीत. किर्गिझस्तान तर आशियातच आहे. त्या देशांतील शिक्षण चांगले असू शकते, परंतु त्यांच्या पदवीला संघाच्या आपसांतील मान्यतेचा लाभ नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बहुतेक मुलांना अखेर मायदेशीच परतायचे असते. त्यासाठी परदेशी पदवीधराला २००२ पासून ‘एफएमजीई’ ही चाळणी परीक्षा द्यावी लागते. ३०० पैकी १५० गुण मिळाले तरच उत्तीर्ण. डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही सत्रांत बसलेल्यांपैकी सुमारे २१ टक्केच उत्तीर्ण झाले, म्हणजे पाचांत एक. ही परीक्षा पुन्हा देता येते आणि अनेकजण पुढील प्रयत्नांत यशस्वी होतात. तरी सहा वर्षांचा खर्च केल्यावर आणखी वर्ष-दोन वर्षे शिकवणीत जाण्याची तयारी कुटुंबाने आधीच ठेवावी लागते.

नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेले आयोगाचे नियम प्रत्येक पालकाने पैसे भरण्यापूर्वी समोर ठेवावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा. त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झालेली असावी. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे. त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणे व्यवसायाचा परवाना मिळण्यास तो पदवीधर पात्र असावा. भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि हे सर्व प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पुरे व्हावे लागते. शिवाय परदेशी जाण्यापूर्वी ‘नीट’मध्ये पात्र होणे २०१८ पासून बंधनकारक आहे. यांपैकी एकही अट अपुरी राहिली तर चाळणी परीक्षेपर्यंत पोचूनही उपयोग होत नाही.

जो व्यापारी शंभर पोती तूर घेताना नमुना हातात घेऊन दाणा चावून पाहतो, त्याने पंचवीस-तीस लाखांच्या व्यवहारात केवळ मध्यस्थाच्या शब्दावर विसंबणे योग्य नाही. संबंधित विद्यापीठाकडून वरील प्रत्येक अटीचे लेखी उत्तर मागवावे. त्या विद्यापीठातून शिकून परतलेल्या दोन-तीन डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावे. शुल्क कोणत्या चलनात आहे, रुपयाचा भाव घसरल्यास सहा वर्षांत किती फरक पडेल, याचा हिशेब मांडावा. आणि कर्ज घ्यायचे झाल्यास परतफेड पदवीच्या तारखेपासून न धरता चाळणी परीक्षा आणि इंटर्नशिप संपल्यानंतरच्या तारखेपासून धरून पाहावी.

गावाचा हिशेब

घराच्या निर्णयापलीकडे गावाचाही एक हिशेब आहे. खानदेशात वैद्यकीय शिक्षणाची सोय उशिरा आली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, तर धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये. तोवर खानदेशच्या बुद्धिमान मुलांनी पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद गाठले आणि त्यांतील अनेकजण तेथेच स्थिरावले. बुखारेस्टहून बर्लिनला जाणारा डॉक्टर आणि यावल-रावेरच्या पट्ट्यातून पुण्याला जाणारा डॉक्टर, या दोघांच्या प्रवासामागील कारणे फारशी वेगळी नाहीत. चांगले रुग्णालय, शिकवणारे वरिष्ठ, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा आणि रात्री-अपरात्री एकट्यावर न पडणारी जबाबदारी, हीच ती कारणे.

रोमानियाच्या अनुभवाने दाखवले की पगाराची वाढ हा या प्रश्नाचा केवळ एक भाग आहे. शासनाने पदवीनंतर बंधपत्रित ग्रामीण सेवेची अट घातली आहे, पण सक्तीचे वर्ष संपले की डॉक्टर निघून जातो. तो थांबावा यासाठी त्याला काम करण्याजोगी जागा लागते, आणि या ठिकाणी व्यापारी समाजाची परंपरा उपयोगी पडू शकते.

मुंबईतील के. ई. एम. रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत आणि परदेशी पदव्या मिळवून आलेल्या भारतीय डॉक्टरांनाही शिकवण्याची संधी दुर्मीळ होती. शेठ गोवर्धनदास यांच्या मालमत्तेतून देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली की येथील अध्यापक हे पात्र भारतीय डॉक्टरच असावेत. त्या एका अटीमुळे पुढील पिढ्यांतील अनेक विद्वान डॉक्टरांना मायदेशात सन्मानाने काम करण्याची जागा मिळाली. पैसा देणारे पुष्कळ असतात. पैशाबरोबर योग्य अट घालण्याची ही दृष्टी अधिक दुर्मीळ आहे.

औषधदान हे जैन परंपरेतील चार दानांपैकी एक आहे आणि खानदेशातील धर्मादाय दवाखाने, नेत्रशिबिरे, रक्तपेढ्या यांतून ते आजही चालू आहे. त्याला आता थोडे वेगळे वळण देता येईल. समाजाच्या विश्वस्त निधीतून एखाद्या विद्यार्थ्याला शिक्षणासाठी रक्कम देताना, परतल्यावर ठराविक वर्षे जिल्ह्यात सेवा करण्याचा लेखी करार करता येईल. चाळणी परीक्षेच्या तयारीच्या काळात, जेव्हा बँकेचे कर्ज संपलेले असते आणि उत्पन्न सुरू झालेले नसते, तेव्हा बिनव्याजी साहाय्य देता येईल. तालुक्याच्या ठिकाणी तीन-चार शाखांच्या डॉक्टरांना एकत्र बसता येईल असा, यंत्रसामग्रीने सज्ज दवाखाना उभारता येईल, म्हणजे रात्रीची जबाबदारी एकट्यावर पडणार नाही. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

असोद्यासारख्या गावातून जळगावचे सरकारी रुग्णालय जवळ आहे, हे तेथील लोकांचे भाग्य. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांना ते भाग्य लाभलेले नाही. मुलगा किंवा मुलगी कोठे शिकायला जावी, हे प्रत्येक घर आपल्या ऐपतीनुसार ठरवील, आणि युरोपात स्थिरावण्याचा निर्णय कोणी घेतला तर त्यात गैर काही नाही. मात्र जाण्यापूर्वी पदवीची हुंडी कोणाच्या नावे, कोणत्या मुदतीची आणि कोठे सकारली जाणारी आहे, हे कागदावर पाहून घ्यावे. आणि जे परतू इच्छितात, त्यांची हुंडी येथे सकारली जाईल एवढी पत आपल्या गावांनी आणि संस्थांनी राखावी.